रेंजवर किती हत्यारं न्यायची? बहुतेकदा एकच

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून नेमबाजीच्या सरावाला निघणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न: गाडीत जागा आहे, मग दोन्ही हत्यारं घेऊ का? आमचं उत्तर रोखठोक आहे. एकटे जात असाल आणि रेंज तीन तास मिळणार असेल, तर एक. दोन न्यायची तर त्याला कारण हवं, आणि 'घरी नुसती पडून आहे' हे कारण नव्हे. तीन नेणाऱ्यानं सरळ प्रदर्शन भरवावं, सरावाचं नाव घेऊ नये.

हिशेब वेळेचा आहे. दहा मीटर एअर रायफलचा सामना म्हणजे 60 शॉट. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्याला 75 मिनिटं मिळतात, त्याआधी तयारी आणि साइटरची (नेम जुळवायच्या, गुणांत न धरलेल्या शॉटची) 15 मिनिटं. हे दीड तास झाले. आता पेटी उघडणं, जॅकेट-पँट-बूट चढवणं, स्टँड आणि लेनची उंची जुळवणं, यात 20 ते 25 मिनिटं सहज जातात. पेलेट (एअर रायफलचा शिशाचा छर्रा) न घालता दहा-पंधरा मिनिटं ड्राय, म्हणजे नुसता घोडा दाबायचा सराव, करायलाच हवं. ते टाळलं की पहिले वीस शॉट अंग सैल होण्यातच जातात. शेवटी ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) बघून वहीत नोंद, पुसणं, आवरणं: आणखी अर्धा तास. तीन तास इथंच संपत आले. दुसऱ्या हत्याराला उरतात वीस-तीस मिनिटं, आणि तेवढ्यात होतो तो नुसता आवाज. दुसऱ्या हत्याराला किमान पाऊण तास देता येत नसेल तर ते घरी कपाटात कुलपात ठेवा.

त्यात तीन पोझिशनची रायफल असेल तर एक हत्यार म्हणजे तीन कामं असतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांवर कांस्य मिळवलं ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, पात्रता फेरीत प्रत्येकी 20 शॉट. रायफल तीच, पण प्रत्येक पोझिशनला बटप्लेटची (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीची) उंची, गालाचा पीस, हँडस्टॉप (पुढच्या हाताचा अडसर) आणि स्लिंगचं (पट्ट्याचं) भोक वेगळं, साइटचे क्लिकही वेगळे. नवख्याचा सगळा वेळ या बदलण्यात जातो. प्रत्येक सेटिंग कागदाच्या पट्टीवर लिहून पेटीच्या झाकणाला चिकटवली नसेल, तर एकाच रायफलवर तीन तास पुरत नाहीत. मग दुसरी कशाला?

दोन हत्यारं शोभतात ती मुख्यतः पिस्तूलवाल्यांना. एअर पिस्तूल आणि पॉइंट टू-टूचं (.22 बोअरचं) स्पोर्ट पिस्तूल ही जोडी चालते, कारण हात तोच, उभं राहणं तेच, मनगटाचं कुलूप तेच. फरक घोड्याच्या वजनाचा, म्हणजे तो दाबायला लागणाऱ्या जोराचा. एअर पिस्तूलला किमान 500 ग्रॅम लागतात, 25 मीटरच्या पिस्तूलला 1000. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी हजार ग्रॅमवर बोट बसवून मग पाचशेवर आलात, तर शॉट तुमच्या आधी सुटतो. नेम अजून टार्गेटच्या काळ्या वर्तुळाखाली स्थिरावत असतो आणि पेलेट गेलेलं असतं. टार्गेटवर सहा-सात गुणांच्या रिंगणात एकटंच भोक दिसतं. एअर पिस्तूल आधी उरका, ते पेटीत घाला, मग स्पोर्ट पिस्तूल काढा आणि गोळी घालण्यापूर्वी वीस वेळा ड्राय दाबा, बोट नव्या वजनाला सरावतं. फक्त ड्रायसाठी स्पोर्ट पिस्तूलमध्ये तशी सोय आहे का ते आधी बघा. पॉइंट टू-टू रिमफायर आहे, म्हणजे पिन काडतुसाच्या कडेवर आदळते. रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसतं त्या जागेवर) पिन कडेला आपटून कड दबते किंवा पिन मोडते. सामन्याच्या बऱ्याच पिस्तुलांत ड्रायची वेगळी व्यवस्था असते, साध्या टू-टूमध्ये बहुधा नसते.

रायफलवाल्यांना एअर रायफल आणि टू-टू ही जोडी उभ्या पोझिशनपुरती उपयोगी पडते. पण एअर रायफलची वजनमर्यादा साडेपाच किलो, थ्री पोझिशनच्या रायफलची आठ. हलक्यावरून जडावर आलात की पाठ आधी बोलते, नेम नंतर. दोन्ही करायच्या तर तीन तासांची नव्हे, पूर्ण दिवसाची रेंज घ्या आणि मध्ये जेवण ठेवा.

बारा बोअरवाल्यांना तर दुसरी बंदूक नेण्याचा मोह मुळीच नको. ट्रॅपची एक फेरी 25 क्लेची (हवेत उडवलेल्या तबकड्यांची), आणि बंदूक खांद्याला, गालाला कशी बसते यावर सगळं अवलंबून. दुसरीचा दस्ता अर्धा इंच लांब असला तरी छर्रा भलतीकडे जातो. चार फेऱ्या, म्हणजे शंभर क्ले, एवढं एका दिवसाला भरपूर. त्यापुढे खांदा दुखायला लागतो, मग बार उडण्याआधीच डोळा मिटतो आणि ती सवय पुढे महिनाभर जात नाही.

'एखादं बिघडलं तर?' हा प्रश्न रास्त आहे. पण रेंजवर पूर्ण हत्यार निकामी होणं दुर्मीळ. बिघडतं ते छोटं काहीतरी, आणि त्याला दुसरं हत्यार नव्हे, खिशातली डबी लागते. एअर रायफलमध्ये ओ-रिंग (हवा अडवणारी रबराची कडी) झिजते; हवेच्या सिलिंडरच्या तोंडाशी थुंकी किंवा साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. दोन-तीन ओ-रिंगा, थोडा सिलिकॉन ग्रीस, अॅलन कीचा पूर्ण संच, मागच्या साइटचा एक जादा स्क्रू, पुढच्या साइटच्या रिंगा, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर बॅटरी. पिस्तूलला जादा मॅगझिन. आणि दुसरा भरलेला सिलिंडर. दुसऱ्या रायफलपेक्षा दुसरा सिलिंडर कितीतरी कामाचा.

सिलिंडरबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण इथंच जास्त गोंधळ होतो. जुने सिलिंडर 200 बारचे (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप), नव्यांतले काही 300 चे. मोठी टाकी 300 बारची असली तर तिच्यावरून 200 वाला सिलिंडर भरताना काट्यावरून नजर हलवायची नाही. मर्यादेच्या पुढे गेला की तो धोकाच आहे. भरायचाही सावकाश. झटकन सोडलात तर हवा दाबली जाऊन सिलिंडर हाताला गरम लागतो, काटा 200 दाखवतो, आणि अर्ध्या तासानं थंड झाल्यावर तोच 175-180 वर बसलेला असतो. लोक मग 'गळती आहे' म्हणून सील बदलायला घेतात. गळती नसते, घाई असते. सिलिंडरवर तयार झाल्याची तारीख कोरलेली असते. दहा वर्षं उलटली की तो बाजूला ठेवायचा, बाहेरून कितीही चकचकीत दिसला तरी. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवायचा नाही.

पेलेट आणि गोळ्यांचं प्रमाण हत्यारांच्या संख्येपेक्षा आधी ठरवा. एअरला 500 चा एक डबा पुरे. एका सत्रात साइटर धरून 80 ते 100 शॉट होतात, त्यापुढचे शॉट थकलेल्या अंगाचे असतात. टू-टूच्या पन्नासच्या दोन पेट्या, फार तर तीन. दोन्ही पेट्या एकाच ब्रँडच्या, जमल्यास एकाच लॉटच्या. ब्रँड बदलला की नळीत आधीच्या गोळीचं मेण बसलेलं असतं. नव्या गोळीचं मेण बसेपर्यंत पहिले दहा-वीस शॉट विस्कटतात. लोक तेव्हा साइट फिरवत बसतात आणि मग नळी स्थिरावल्यावर परत उलट फिरवतात. नळीत तेल राहिलं असेल तरी हेच. एअर रायफलमधून निघण्यापूर्वी दोन-तीन कोरडे फेल्ट (नळी पुसणारे लोकरीचे बोळे) सोडा.

चार-पाच जणांची टोळी जात असेल तर हिशेब वेगळा. चौघांत दोन हत्यारं. एकानं मारायचं, दुसऱ्यानं मागं बसून शॉट लिहायचा आणि बोट बघायचं, मग पाळी बदलायची. चौघांत चार नेलीत तर चौघंही एकाच वेळी मारतात आणि कुणाला कुणाची चूक दिसत नाही. एकच नेलंत तर तिघं गप्पा मारतात. वाटून मारताना एक अडचण येते: साइटचं शून्य, म्हणजे नेम आणि भोक जुळतं ती सेटिंग, प्रत्येकाच्या डोळ्याचं वेगळं. कागदावर चौघांची नावं आणि प्रत्येकाचे क्लिक 'वर किती, डावीकडं किती' असे लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक पाळीला दहा साइटर जातात. डावखुरा कुणी असेल तर त्याच्यासाठी वेगळं हत्यार न्या. उजव्या हाताची मूठ डाव्यानं धरून शिकलेलं पुढे विसरायला फार जड जातं.

लायनीवर एका माणसाचं एकच हत्यार पेटीबाहेर. बाकी पेटीत, पेटी मागच्या बाकावर. बाहेर असलेल्याची अॅक्शन (गोळी भरायचा भाग) उघडी आणि नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग, जो चेंबरपासून तोंडापर्यंत आरपार दिसतो. जितकी हत्यारं तितके फ्लॅग हवेत. दोन हत्यारांना एक फ्लॅग इकडून तिकडं फिरवणारा माणूस कधीतरी चुकणारच. टू-टूत गोळी उडाली नाही तर नळी टार्गेटकडे धरून किमान तीस सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढचा शॉट मारायचा नाही. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. उतरवून काडी घालून बघा. घाईत, दुसरं हत्यार वाट बघतंय म्हणून, नेमकं हेच सुटतं.

यापेक्षाही गंभीर गोष्ट म्हणजे काडतुसांची सरमिसळ, आणि ती होते एकापेक्षा जास्त बोअरची हत्यारं एकाच पिशवीत आल्यामुळेच. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत सरळ आत घसरतं आणि चेंबरच्या पुढे जाऊन अडकतं. वरून बघितलं तर चेंबर रिकामा दिसतो. माणूस मागून बारा बोअरचं काडतूस घालतो आणि घोडा दाबतो. नळी फुटते, डाव्या हाताची बोटं जातात. वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याचं कारण हेच. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्ही 'बत्तीस' म्हणवतात, तिथंही तसंच: आपल्याकडच्या आयुधनिर्माणीच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लांब, 7.65 बाय 23 मिलिमीटर, पिस्तूलची 7.65 बाय 17. दुकानात, पिशवीत, बोलण्यात दोन्ही 'बत्तीस'च. प्रत्येक हत्याराची वेगळी, वेगळ्या रंगाची पिशवी करा आणि पेटीत एका वेळी एकाच जातीची काडतुसं ठेवा.

आता कागद. इथं आपल्या भागाची खास डोकेदुखी आहे. दहा मीटरच्या सामन्याची एअर रायफल साधारण साडेसात-आठ ज्यूलची (ज्यूल म्हणजे छऱ्याच्या जोराचं माप) असते; 20 ज्यूलच्या आतल्या आणि .177 बोअरच्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही. तरीही खरेदीची पावती आणि क्लबचं ओळखपत्र पेटीत ठेवा. रस्त्यावरच्या हवालदाराला लांबट काळी पेटी दिसते, ज्यूल दिसत नाहीत. टू-टू, पिस्तूल, बारा बोअर यांना परवाना, आणि परवान्यावर तो कुठे चालतो तेही लिहिलेलं असतं: जिल्हा, राज्य किंवा पूर्ण देश.

कोल्हापूरच्या दुधाळी रेंजला किंवा पुण्याच्या बालेवाडीला जायचं म्हणजे कोगनोळीच्या नाक्यापलीकडे महाराष्ट्र सुरू. बाची-शिनोळीमार्गे चंदगडकडे गेलात तर बेळगाव सुटून थोडक्यात सीमा ओलांडली जाते, आणि चोर्ला घाटातून गेलात तर गोवा. परवाना फक्त कर्नाटकापुरता असेल तर सीमेपलीकडे तो कागदाचा तुकडा आहे, मग तुम्ही कितीही सरळ माणूस असा. आपल्याकडं पाहुणे, लग्नं, बाजार सगळं सीमेच्या दोन्हीकडे असल्यानं ही रेघ डोक्यात राहत नाही. बंदूक गाडीत असताना मात्र ती ठेवावीच लागते. आधी परवाना अधिकाऱ्यांकडून क्षेत्र वाढवून घ्या किंवा त्या प्रवासापुरती परवानगी घ्या. दोन हत्यारं असतील तर दोन्ही परवान्यांवरचं क्षेत्र तपासा. एक देशभर आणि दुसरं राज्यापुरतं, असं बऱ्याचदा असतं.

हत्यारांच्या संख्येवरही कायद्याची मर्यादा आहे. 2019 च्या दुरुस्तीपासून सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन, आधी तीन होती. मान्यताप्राप्त नेमबाजांना वेगळ्या अधिसूचनेनं सवलत आहे. रायफल क्लबच्या सदस्यांनी सरावासाठी वापरायच्या टू-टू किंवा एअर रायफलला ही दोनची मर्यादा लागू नाही. मित्राची बंदूक आपल्या गाडीत, तो नसताना, नेऊ नका. 'त्यानंच सांगितलं' हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही. वडिलांच्या नावावरची बारा बोअर मुलगा घेऊन निघतो, तिथंही हेच. ज्याचं नाव परवान्यावर, तो गाडीत हवा. गोळ्या एका वेळी किती जवळ ठेवायच्या, वर्षात किती घ्यायच्या, तेही परवान्यावर असतं. दोन हत्यारांच्या गोळ्या एकत्र मोजू नका, ज्याच्या त्याच्या खात्यात मोजा.

दिवस निवडतानाही डोकं वापरा. 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास, डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन असताना आणि गणपती विसर्जनाला बेळगावात बंदोबस्त असतो, जमावबंदी लागली तर हत्यार बाळगण्यावरही बंदी येते. नाक्यावर गाड्या उघडून बघतात. अशा दिवशी एअर पिस्तूलसुद्धा घरीच बरं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलिसांकडे जमा करावी लागतात. नेमबाजाला सूट मिळू शकते, पण ती अर्ज करून, क्लबच्या पत्रासह मागावी लागते. आणि लक्षात ठेवा, आपल्याकडची विधानसभेची निवडणूक आणि पलीकडची वेगवेगळ्या वेळी. इकडे सगळं मोकळं असताना कागलात आचारसंहिता असू शकते.

वाटेत संकेश्वरला किंवा निपाणीत चहाला थांबलात तर एकानं गाडीत बसायचं. चहा गाडीत मागवा. हत्यार रिकामं, पेटीत, पेटी कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात. पेटी मागच्या सीटवर उघडी ठेवायची नाही, डिकीत आडवी, सामानाखाली. आतली मॅगझिनही रिकामी. दुचाकीवर लांब पेटी बांधून जाणारे दिसतात. साइट हलते, शिवाय सिग्नलला पेटीकडे बघणारे चार डोळे वाढतात.

पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, हा सगळा हिशेब आणखी कडक करा. खानापूर, चोर्ला, आंबोलीकडच्या हवेत लोखंडाला रात्रभरात तांबूस डाग येतो, आणि दोन हत्यारं पुसायची म्हणजे घरी आल्यावर एक तास जास्त. घामाचा हात लागलेली जागा, म्हणजे बोल्टची मूठ, ट्रिगर गार्ड आणि पिस्तूलच्या स्लाइडच्या खाचा, हलक्या तेलाच्या फडक्यानं त्याच रात्री पुसा. नळीत तेल कमी आणि पुढच्या सरावाआधी कोरडं करून. पेटीतला फोम ओल धरतो, म्हणून हत्यार फोममध्ये ठेवून कुलूप लावून देऊ नका. रात्रभर पेटीबाहेर, बंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर उभं ठेवा. पुड्यांचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजून परत निळे करा. तो तवा नंतर भाकरीला वापरायचा नाही.